सीमाभागात फिरताना फोन ‘जवळचं’ म्हणून भलतंच गाव का दाखवतो?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पुण्याहून आईला घेऊन सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जायचंय, मग खानापूर, हलशी करून चोर्ला घाटातून गोव्यात उतरायचंय, तेही ऑगस्टमध्ये. मागच्या वेळी निपाणीत थांबून ‘जवळचं शाकाहारी हॉटेल’ शोधलं तर पुण्यातली हॉटेलं आली. ‘खानापूर’ टाकलं तर गाडी विट्याकडे वळवायला निघालं. जांबोटीच्या पुढे तर पान उघडेचना. फोनचं जीपीएस गेलंय का, नवा फोन घ्यावा का, की ॲप बदलावं?

नवा फोन घेऊ नका. मी बेळगावात पर्यटकांना गाड्या देतो, स्वतःही चालवतो. पुण्या-मुंबईची माणसं गाडीत बसली की पहिल्या तासात हीच तक्रार ऐकू येते. त्यातल्या फार थोड्यांचा फोन खरोखर खराब असतो. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एकाच दुखण्याच्या वाटतात, पण त्यांची कारणं तीन वेगवेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

पहिली गोष्ट, निपाणीत पुण्याची हॉटेलं. आधी नकाशाचं ॲप उघडा, उघड्यावर उभे राहा आणि निळा ठिपका बघा. ठिपका निपाणीतच दिसत असेल तर जीपीएस ठणठणीत आहे. मोकळ्या आभाळाखाली साधा स्मार्टफोनसुद्धा पाच मीटरच्या आसपास अचूक जागा दाखवतो. गोंधळ पुढे होतो. फोनला जागा माहीत असली तरी सर्चच्या ॲपला ती आपोआप कळत नाही. त्याला वेगळी परवानगी लागते, आणि ती आपण कधीतरी घाईत ‘नको’ म्हणून नाकारलेली असते. परवानगी नसली की ॲप अंदाज बांधतं. तुमच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून (आयपी ॲड्रेस), तुम्ही ‘घर’ म्हणून नोंदवलेल्या जागेवरून, आधी काय काय शोधलंय त्यावरून. मोबाइल इंटरनेटचा पत्ता तुम्ही उभे असलेल्या गावाचा असेलच असं नाही. कंपनीचं मोठं केंद्र ज्या शहरात आहे तिथला तो दिसू शकतो. म्हणून उभं राहायचं निपाणीत आणि निकाल यायचे पुण्याचे, मुंबईचे नाहीतर बेंगळुरूचे.

गुगलवर शोधत असाल तर निकालांचं पान अगदी तळापर्यंत सरकवा. तिथे बारीक अक्षरात एका जागेचं नाव असतं आणि ती जागा कशावरून ठरवली तेही लिहिलेलं असतं, डिव्हाइसवरून की इंटरनेटच्या पत्त्यावरून. तिथेच ‘जागा अपडेट करा’ असं बटण असतं. माझ्याकडचे नवे चालक पहिल्यांदा हेच शिकतात, कारण फोनवर ओरडण्याआधी तो काय समजून बसलाय हे बघणं सोपं पडतं.

तुम्ही हिंजवडीत नोकरी करता असं लिहिलंय, म्हणून एक विचारतो: ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे फोनचं इंटरनेट ऑफिसमार्फत वळवणारी जोडणी, फोनवर चालू तर नव्हतं ना? ते चालू असेल तर इंटरनेटचा पत्ता ऑफिसच्या सर्व्हरचा दिसतो. आयटीवाल्या पाहुण्यांच्या निम्म्या तक्रारी व्हीपीएन बंद केलं की मिटतात असा माझा अनुभव आहे. लांबच्या ट्रॅव्हल्स बसमधल्या वायफायचंही असंच होतं.

परवानगी देतानाही एक बारीक फाटा आहे. ॲन्ड्रॉइड १२ पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून जागेची परवानगी दोन प्रकारे देता येते, अचूक आणि अंदाजे. अंदाजे दिली तर ॲन्ड्रॉइडवर ॲपला साधारण तीन चौरस किलोमीटरचा पट्टा कळतो, नेमकी जागा कळत नाही. पुण्यात बसून हवामान बघायला तेवढं पुरतं. आमच्याकडे बाची कर्नाटकात आणि लागून असलेली शिनोळी महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. अशा ठिकाणी अंदाजे जागेवर भागवलं तर पेट्रोल पंप या राज्यातला की त्या, हे ॲपलाही सांगता येणार नाही. पंपाचं मुद्दाम सांगतो, कारण दोन्हीकडचे दर सहसा सारखे नसतात आणि सीमेवरचे लोक त्या हिशोबानेच टाकी भरतात. सर्च आणि नकाशा या दोन ॲपना ‘वापरत असताना, अचूक’ एवढी परवानगी द्या. ‘कायम’ द्यायची गरज नाही.

दुसरी गोष्ट खानापूरची. यात जीपीएसचा काही संबंध नाही. सांगली जिल्ह्यात विट्याजवळ खानापूर आहे आणि बेळगावपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर दुसरं. दोन्ही नावांचे तालुकेही आहेत, दोन्ही मराठी माणसांच्या रोजच्या बोलण्यातली. तुम्ही पुण्यात बसून शोधलंत आणि तुमच्या सगळ्या जुन्या खुणा महाराष्ट्रातल्या, तर ॲप सांगलीचं खानापूर पुढे करणार. चुकून तिकडे गेलात तर दीडशे किलोमीटरहून जास्त अंतराचा फटका.

सौंदत्तीचं त्याहून अवघड आहे. यल्लम्माची सौंदत्ती मलप्रभेच्या बाजूला, आणि कृष्णाकाठी रायबाग तालुक्यात बावन सौंदत्ती म्हणून वेगळं गाव आहे. निपाणी-चिकोडीच्या बाजूला असताना नुसतं ‘सौंदत्ती’ टाकलंत तर दुसरी जवळ पडते. शोधताना ‘सौंदत्ती यल्लम्मा मंदिर’ असं देवस्थानाच्या नावानेच टाका, आणि पहिला निकाल दाबायच्या आधी त्याखालचा तालुका, जिल्हा वाचा. ‘सौंदत्ती’ टाकून सापडत नसेल तर ‘सवदत्ती’ टाका, कारण सरकारी नोंदीत ते तसं आहे. बेळगाव आणि बेळगावी मात्र दोन्ही चालतात. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव अधिकृतपणे बदललं, पण सर्चला जुनं नाव अजून नीट कळतं.

शहराच्या आत आलात तरी हे सुटत नाही. खडेबाजार मूळ बेळगावात आहे आणि शहापूर या शहराच्याच भागातही आहे. मारुती गल्ली कुठल्या गावात नाही? वडगाव म्हटलं की आमच्यासाठी शहापूरच्या पलीकडचं वडगाव, कोल्हापूरच्या माणसासाठी पेठ वडगाव. कुंद्याचं, म्हणजे बेळगावच्या मिठाईचं, दुकान शोधत एक कुटुंब माझ्याच गाडीतून शहापुरात उतरलं होतं, दुकान होतं शहरातल्या खडेबाजारात. मी आधीच म्हटलं होतं, ‘तो खडेबाजार नव्हे ओ’, खरं त्यांचा फोनवर विश्वास जास्त. म्हणून सीमाभागात शोधताना गाव ठरवायचं काम ॲपवर सोडायचं नाही, हा माझा नियम. गाव, तालुका आणि एखादी ठळक खूण तुम्हीच लिहा. ‘जवळचं’ हा शब्द फक्त पंप, एटीएम, औषधाचं दुकान, पंक्चरवाला यांच्यासाठी ठेवा, जिथे कुठलाही एक चालतो.

या ‘जवळचं’बद्दल आणखी थोडं, कारण पावसाळ्यात खरी अडचण इथेच होते. सर्चमध्ये ठिकाणांचा क्रम लावताना तुम्ही काय शोधलंय, ते किती लांब आहे आणि ते किती प्रसिद्ध आहे, या तिन्हींचा मेळ घातला जातो. सगळ्यात जवळचं पहिलं येईलच असं नाही. आणि यादीत दिसणारं अंतर बऱ्याचदा सरळ रेषेतलं असतं. रस्त्याचं अंतर ‘दिशा’ दाबल्यावर कळतं. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा या नद्यांच्या पट्ट्यात सरळ रेषेला काही अर्थ राहत नाही. समोरच्या काठावरचं गाव तीन किलोमीटरवर दिसतं आणि पूल पाण्याखाली असला की वीस-पंचवीस किलोमीटरचा वळसा पडतो. कल्लोळ-यडूर, कारदगा-भोज, अकोळ-सिदनाळ हे कमी उंचीचे पूल-बंधारे चांगला पाऊस झाला की दरवर्षी बुडतात. घाटमाथ्यावर आणि धरणांच्या क्षेत्रात पाऊस पडला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. तो रस्ता बंद आहे हे नकाशाला कळतं, पण उशिरा, कुणीतरी कळवल्यावर किंवा गाड्या जायच्या थांबल्यावर. आडरस्त्यावर मुळात गाड्याच कमी, त्यामुळे कळायला आणखी वेळ.

तुम्ही ऑगस्टमध्ये येताय, म्हणून माझा सल्ला सरळ आहे. निपाणीतून आत शिरून नदीकाठच्या रस्त्यांनी ‘दहा मिनिटं वाचवू’ नका. राष्ट्रीय महामार्ग ४८ ने कोगनोळी, निपाणी करत संकेश्वरपर्यंत या, तिथून घटप्रभा, गोकाक, यरगट्टी करत सौंदत्ती. ॲप मधूनच एखादा ‘जवळचा रस्ता’ सुचवेल, तेव्हा तो नदी ओलांडतो का एवढं बघा. ओलांडत असेल तर आधीच्या गावातल्या चहावाल्याला विचारा, ‘पूल चालू हाय काय?’ गोकाकचा धबधबा वाटेवरच आहे. साधारण ५२ मीटर उंचीवरून घटप्रभा पडते ती ऑगस्टमध्ये बघण्यासारखी असते, आईंना गाडीतून उतरून फार चालावंही लागणार नाही.

इथवर काय झालं ते एकदा बघू. ठिपका बरोबर जागी आहे का, सर्चच्या ॲपला अचूक परवानगी आहे का, आणि तालुका लिहिलाय का. निपाणी आणि खानापूर या दोन्ही भानगडी यातच संपतात. जांबोटीची गोष्ट वेगळी.

जीपीएस उपग्रहावरून चालतं, त्याला सिमकार्ड लागत नाही आणि रेंजही लागत नाही. फोन विमान मोडवर टाकला तरी ठिपका सरकतो. सर्चला मात्र इंटरनेट लागतंच. खानापूर सोडून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत निघालात की जंगलात रेंज येते-जाते, काही टापूत अजिबात नसते. तिथे ठिपका हलत राहतो, पण त्याच्याखाली नकाशाच नसतो, नुसता करडा कागद. त्यावर उपाय एकच, बेळगावात वायफायवर असताना त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवायचा. चौकट ओढताना मोठी ओढा, बेळगावपासून साखळीपर्यंत येईल एवढी. उतरवलेल्या नकाशावर गाडीचा रस्ता मिळतो, चालण्याचा मिळत नाही, वाहतुकीची ताजी स्थितीही दिसत नाही. जिथे जायचंय ती ठिकाणं आधीच ‘सेव्ह’ करून ठेवा, कारण रेंज नसताना नाव शोधून सापडेलच याचा भरवसा नाही.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. रेंज असताना फोन उपग्रह कुठे आहेत याची माहिती इंटरनेटवरून उचलतो आणि काही सेकंदांत जागा धरतो. फोन बराच वेळ बंद होता, दूरवर आणला आणि रेंज नसताना चालू केला, तर ती सगळी माहिती त्याला थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि त्याला मिनिटं लागतात, कधी दहा-बारासुद्धा. माणूस तेवढ्यात कंटाळून फोन तीनदा बंद-चालू करतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यापेक्षा बेळगाव सोडतानाच नकाशा चालू करून निघा आणि घाट उतरेपर्यंत तसाच राहू द्या. बॅटरी सेव्हर बंद ठेवा, कारण काही फोनमध्ये तो चालू असला की स्क्रीन मिटल्यावर जागा घेणंही थांबतं. गाडीत चार्जर हवाच.

ठिपका बरोबर पण बाण उलटा, अशीही तक्रार येते. तो बाण फोनमधल्या होकायंत्रावरून ठरतो, आणि डॅशबोर्डवरचा चुंबकाचा होल्डर होकायंत्राला फसवतो. गाडी चालू असली की सरकण्याच्या दिशेवरून फोन सावरतो, थांबली की पुन्हा भरकटतो. चिमट्याचा साधा होल्डर वापरा. काचेवर धातूचा अंश असलेली उन्हाची फिल्म लावली असेल तर तीही उपग्रहाचा संकेत कमी करते. अशा गाडीत फोन पुढच्या काचेपाशी आणून बघा, फरक पडला तर कारण कळलंच.

हलशीला जाताना भूवराह नरसिंह मंदिर सापडायला अडचण येणार नाही, ते कदंबकालीन आणि ठळक नोंद असलेलं ठिकाण आहे. अडचण येते ती होमस्टेची. खानापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांमध्ये घरांना नीट पत्ते नाहीत, त्यामुळे पत्ता टाकला की टाचणी गावाच्या मधोमध पडते आणि घर असतं दोन किलोमीटरवर शेतात. मालकाला सांगा, ‘तुमच्या फाटकापाशी उभं राहून व्हॉट्सॲपवर करंट लोकेशन पाठवा.’ नाव टाइप करून पाठवलेली लिंक चालत नाही, फाटकापाशी उभं राहून पाठवलेलं हवं. लाइव्ह लोकेशन वेगळं. ते पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास चालतं आणि दोन्हीकडे इंटरनेट लागतं, म्हणून जंगलातल्या माणसाकडून त्याची अपेक्षा ठेवू नका. आलेली टाचणी लगेच नकाशात सेव्ह करा.

धबधब्यांबद्दल स्पष्टच लिहितो. जांबोटीच्या बाजूला ‘जवळचे धबधबे’ शोधलंत तर वज्रपोहापासून कितीतरी नावं येतील, छान फोटोंसकट. त्यातले बरेच राखीव जंगलात आहेत, काही भीमगड अभयारण्याच्या टापूत. पावसाळ्यात वनखातं तिथे प्रवेश बंद करतं आणि आत गेलेल्यांवर कारवाईही होते. नकाशावर टाचणी आणि साडेचार तारे आहेत म्हणून जायला परवानगी आहे असं होत नाही. आईंना घेऊन तर विचारच करू नका.

दुकानाच्या नावाखाली ‘आत्ता उघडं’ असं दिसतं तेही मालकाने कधीतरी भरलेल्या वेळेवरून. आमच्याकडे त्यात आणखी एक भर आहे. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या एसटी गाड्या हद्दीपर्यंतच येतात किंवा थांबतात, आणि ॲपवर वेळापत्रक तसंच दिसत राहतं. १ नोव्हेंबरला इथे एकीकडे कर्नाटकचा राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, तेव्हा शहरात चन्नम्मा चौकाच्या आसपास गाडी नेणं टाळलेलं बरं. तुमच्या तारखा तेव्हाच्या नाहीत, पण कुणी दिवाळीच्या सुमाराला येणार असेल तर लक्षात ठेवावं. बस पकडायची असेल तर आगारात फोन करून विचारा, जेवायचं असेल तर हॉटेलात फोन करा. नंबर लागला नाही तर ते बंद आहे असं समजून पुढचं बघा.

रस्त्यावर कुणाला बरं वाटेनासं झालं तर ११२ दोन्ही राज्यांत आणि गोव्यातही चालतो. सीमेवर फोन कधी कर्नाटकचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्र-गोव्याचा, आणि चोर्ल्याच्या वर तर तिन्ही राज्यं एकमेकांना चिकटून आहेत. म्हणून बोलायला सुरुवात करताना पहिलं वाक्य जागेचं हवं: कुठला रस्ता, मागे कुठलं गाव गेलं, तालुका कुठला. ठिपक्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात, ते आकडे वाचून सांगता येतात. हे बेळगाव सोडण्याआधी एकदा करून बघा, घाईत सापडत नाही. पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतील, त्या वाचायला भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा चालतो, रेंज असेपर्यंत. नाहीतर बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात मराठीत विचारलंत तरी उत्तर मिळतं. सौंदत्तीच्या बाजूला कन्नड जास्त, तिथे देवळाचं नाव घेतलं की लोक हाताने दिशा दाखवतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत ती विचारतो. सौंदत्तीला कुठल्या वारी पोचताय? मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला डोंगरावर इतकी गर्दी असते की टॉवरवर ताण येऊन फोनला पूर्ण काड्या दिसत असताना सर्च उघडत नाही. तेव्हा गाडी लावलेली जागा उतरतानाच नकाशात सेव्ह करा आणि घरच्यांशी भेटायची जागा तोंडी ठरवा. वार बदलता येत असेल तर बुधवार किंवा गुरुवार धरा. गाडी कुठली आहे तेही कळवा. मोठी टेम्पो ट्रॅव्हलर असेल तर चोर्ल्याच्या त्या दिवसाच्या स्थितीबद्दल आदल्या संध्याकाळी इथेच विचारा, मी घाटातून येणाऱ्या आमच्या चालकांना विचारून लिहीन. चोर्ला बंद असला तर खानापूर, लोंढा, अनमोडकडून राष्ट्रीय महामार्ग ७४८ ने उतरता येतं. तो पट्टाही त्याच चौकटीत नकाशात उतरवून घ्या.